वरुट्यांच्या घराचा नातेनकाशा

अण्णा वरुटे पाण्याच्या तांब्याकडं नुसते बघायचे, की तीन हात एकदम पुढं यायचे. मुलगा केदार भांडं भरायचा, सून मृणाल ते त्यांच्या ओठांना लावायची आणि हुपरीहून दर दोन दिवसांनी येणारी लेक पल्लवी रुमालानं हनुवटी टिपायची. अण्णांचे दोन्ही हात ठणठणीत होते, हे सगळ्यांना माहीत होतं. मोडला होता तो खुबा, आणि तोही डॉक्टरांनी नवा बसवून पाच आठवडे झाले होते.

ऑपरेशन नामी झालं होतं. दुसऱ्या दिवशी माणूस वॉकर धरून चालतो, असलं ते ऑपरेशन. अण्णा मात्र इचलकरंजीतल्या आपल्या घरी खाटेवर आले ते खाटेवरच राहिले. घरी येऊन शुश्रूषा बघणाऱ्या सिस्टर एस्तेर भांबळ यांनी स्पष्टच सांगितलं होतं, की आणखी तीन आठवड्यांत पाय जमिनीला लागले नाहीत तर मांडीचे स्नायू वाळतील आणि अण्णा जन्माचे अंथरुणाला खिळतील. अण्णा म्हणजे चाळीस वर्षं यंत्रमागाच्या खडखडाटात उभं राहून काढलेला जॉबर, माग दुरुस्त करणारा मिस्त्री. माग बिघडला की नुसत्या आवाजावरून त्याचं दुखणं ओळखणारा कारागीर. त्याचं असं व्हावं?

म्हणून सिस्टरनी मणी आणले. रोगी एकटा आजारी नसतो, घर तपासल्याशिवाय औषध लागू पडत नाही, हे एव्हाना सगळीकडं मान्य झालं होतं. त्यासाठीच हे जोंधळ्याएवढे मणी निघाले होते. घरातल्या प्रत्येकानं एकेक मनगटावर बांधायचा. कोण कुणासाठी उठलं, कुणी कुणाला हात दिला, कोण कुणाला काय म्हणालं, एवढं तो मणी टिपायचा आणि आठवड्यानं त्या घराचा नातेनकाशा तयार व्हायचा. माणूस म्हणजे गोल, आणि त्यानं दुसऱ्याची केलेली काळजी म्हणजे बाण. एवढं सोपं.

पहिला नकाशा सिस्टरनी अण्णांच्या पांघरुणावरच पसरला. चहूबाजूंनी बाण अण्णांच्या गोलात घुसत होते, बाहेर एकही जात नव्हता. मण्यांनी सगळ्यांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्यही खाली छापून आलं होतं: ‘अण्णा, तुम्ही बसा.’ सात दिवसांत सहाशे बारा वेळा.

“मग यांनी उठायचं तरी कधी?” सिस्टर म्हणाल्या.

पल्लवीला ते झोंबलं. या वयात वडिलांना राबवायचं का, आणि उद्या लोक तोंडात शेण घालतील ते कुणाच्या, असं तिनं विचारलं. विचारलं सिस्टरना, पण बघितलं भावजयीकडं. मृणालनं लगेच अण्णांची उशी सारखी केली. नणंदेच्या या बघण्याच्या धाकानंच ती खाटेपाशी जास्त पळायची, हे कळायला सिस्टरना मण्याची गरज पडली नाही.

शेवटी ठरलं, की प्रत्येकानं अण्णांना रोज एक तरी काम सांगायचं. केदारनं नटबोल्टांचा डबा पुढ्यात ठेवला. सगळी मापं मिसळलीत, तेवढी निवडून द्या, म्हणाला. अण्णांनी डब्याला हातसुद्धा लावला नाही.

“केद्या, मघाशी पडवीत बसून तूच मिसळलंस हे. मला ऐकू येतं. आता बालवाडीत घालतोस का मला?”

दोन दिवस त्यांनी भिंतीकडची कूस सोडली नाही. लटकी गरज म्हाताऱ्या माणसाला लगेच कळते हो, त्याला कुठलं यंत्र लागत नाही.

दुसरा नकाशा पहिल्याहून वाईट निघाला. सिस्टर वैतागल्या. वैतागून तो कागद उलटसुलट फिरवताना त्यांची नजर दुसऱ्याच गोलावर गेली. मृणालच्या गोलातून नुसते बाण सुटत होते. अण्णांकडं, केदारकडं, पल्लवीकडंसुद्धा. आत येणारा एकही नव्हता. मणी बिघडला असेल म्हणून त्यांनी तिला दुसरा बांधला. चार दिवसांनी बघतात तर तेच.

ही गोष्ट त्यांनी फक्त अण्णांना दाखवली, खोलीत कुणी नसताना. यंत्र खोटं बोलतंय, असं अण्णा आधी म्हणाले. मणी बदलून बघितला, असं सिस्टरनी सांगितल्यावर त्यांनी मृणालच्या गोलावर बोट टेकवलं.

“सगळा ताण एकाच धाग्यावर आला की तो तुटतो, सिस्टर. एवढं मला कळायला पाहिजे होतं,” ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर अण्णांचा रक्तदाब बघत होत्या. मृणालची शिलाईच्या कारखान्यातून परत यायची ती वेळ. अंगणात चपला वाजल्या आणि अण्णांनी मान वर केली. डावी चप्पल ओढतेय, ते म्हणाले, पोरीला उभं राहवत नाहीय. रोज अशीच येत असणार, आणि आल्याआल्या मी तिच्याकडं पाणी मागतोय.

“तो वॉकर द्या इकडं.”

सिस्टरनी वॉकर दिला. अण्णा उठले. मांड्या लटपटल्या, कपाळावर घाम फुटला, पण उभे राहिले. दारातून ते बघून मृणाल हातातली पिशवी टाकून धावली. सिस्टरनी तिला मधेच धरलं आणि खुर्चीत दाबून बसवलं. आज तुझा धावायचा दिवस नाही, म्हणाल्या.

खाटेपासून स्वयंपाकघर चौदा पावलं. सातव्या पावलाला अण्णा थांबले, आता पडतात की काय असं वाटलं, मग आठवं पाऊल पडलं. मृणाल तोंडावर हात धरून रडत होती. आणि पंचवीस वर्षं रोगी बघितलेल्या सिस्टर शाळेतल्या पोरीसारख्या मोठमोठ्यानं पावलं मोजत होत्या.

स्वयंपाकघरात जेवण्यापलीकडच्या कामासाठी हा माणूस जन्मात पहिल्यांदाच शिरला होता. पहिल्या डब्यात रवा निघाला, दुसऱ्यात हळद. तिसऱ्यात नाक घातलं तर ती कांदा-लसणाची चटणी. शिंकून शिंकून अण्णांचा जीव मेटाकुटीला आला. मृणालला रडता रडता हसू फुटलं. चहाची पूड वरच्या फळीवर निळ्या डब्यात आहे, असं तिनं बसल्या जागेवरून सांगितलं. या घरात तिनं कुणाला बसून काही सांगितलं, ते बहुधा पहिल्यांदाच.

आधण उकळायला लागलं. अण्णांनी एका हातानं वॉकर घट्ट धरला, दुसऱ्या हातात चमचा घेतला आणि पातेल्यावरची नजर न हलवता विचारलं, “मृणाल, तू साखर किती घेतेस गं?”

अकरा वर्षं ती या घरात चहा करत होती. कुणाला दीड चमचा, कुणाला अर्धा, कुणाला अजिबात नको, सगळं तिला तोंडपाठ होतं. स्वतः मात्र सगळ्यांना देऊन उरेल तो आणि उरेल तसा प्यायची. अण्णा चमचा धरून थांबले होते. मृणाल विचारात पडली, आपल्याला चहा कसा आवडतो?