बंबाच्या पेटीतली पाटी

“काचेला हात लावू नकोस!” साहेब खेकसले.

“नाक लावलंय, हात नाही!” धाकटा चष्मिस म्हणाला. ताईने त्याला चिमटा काढला. सुट्टीत आजोबांकडे आलेली ही भावंडं आगविमा कंपनीच्या या साहेबांना पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपत होती.

आणि भावंडांना खुपत होता कंपनीच्या या नव्या संग्रहालयातला फलक: ‘समोरच्या मेणबत्तीवाल्याने विमा नसताना खोटी भरपाई मागितली.’ तो मेणबत्तीवाला म्हणजे आजोबांचे पणजोबा! त्या काळी विमा उतरवला की कंपनी भिंतीवर शिशाची पाटी ठोकायची. पाटी असेल तरच कंपनीचा बंब पाणी मारायचा. आग लागली तेव्हा मेणबत्तीवाल्याच्या दारातून बंब तसाच परत गेला. पाटीच नव्हती म्हणे! दुकान खाक झालं, वर घराण्यावर लबाडीचा शिक्का बसला. उरली फक्त दगडी भिंत. तिच्याच आड आता आजोबांचं घर होतं. संग्रहालयासमोरून जाताना आजोबा मान वर करत नसत.

कालच ती भिंत रंगवण्यासाठी खरवडताना ताईला चुन्याखाली एक गंजका खिळा दिसला होता. त्याखाली शिशाचा तुकडा अडकलेला!

उद्घाटनाचे पाहुणे जमल्यावर ताईने काचेमागे बोट दाखवत अगदी साळसूदपणे विचारलं, “काका, ही कोपरा तुटलेली पाटी कुठे सापडली हो?”

साहेब फुलून गेले. “आमच्या पहिल्या बंबाच्या पेटीत! बंबवाल्यांशिवाय त्या पेटीला हात लावायची कोणाची बिशाद होती?”

“मग तिचा कोपरा आमच्या भिंतीत कसा?”

“कार्ट्यांनो, चालते व्हा!”

“थांबा,” पाहुण्या म्हणून आलेल्या अग्निशमन दलाच्या प्रमुख बाई कडाडल्या. “काढा ती पाटी!”

सगळे रस्ता ओलांडून भिंतीपाशी आले. गलका ऐकून आजोबाही घराबाहेर आले. बाईंनी पाटी टेकवली. कोपरा अचूक जुळला!

“आग विझवायची सोडून पाटी उपटली! भरपाई बुडवायला!” बाई साहेबांवर गरजल्या. “शाब्बास, पोरांनो!”

साहेबांनी हात पुढे केला. “आजोबा, झालं गेलं विसरून जा.”

आजोबांनी हात खिशातच ठेवले. “पाटी तुमच्याकडेच राहू दे. खाली लिहा, कुठून काढली आणि कशासाठी काढली.”

मग ते मुलांकडे वळले. “भांडखोर कार्टी! माझ्या पणजोबांवर गेलीत अगदी. चला, तो फलक आपणच उतरवू.”

आणि मान ताठ ठेवून ते सगळ्यांच्या पुढे संग्रहालयात शिरले.