बाराव्या स्फोटानंतर

अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या विद्यापीठात, तळघरातल्या एका खोलीत, दिगंबर जुन्या रॉकेटचे कागद वाचत बसायचा. वीस वर्षांपूर्वी समुद्रकाठावरून नायकी-केजन नावाचं घन इंधनाचं रॉकेट सोडत. वर जाता जाता ते बारा ग्रेनेड फोडायचं आणि समुद्रात पडायचं. जमिनीवरचे मायक्रोफोन तो आवाज टिपायचे, सुई कागदाच्या गुंडाळीवर रेघ ओढायची. त्यावरून वरच्या हवेचं तापमान निघे. १९८४ साली हे आकडे कॉम्प्युटरला हवे होते, आणि ज्याला पीएचडी हवी असते त्याने असली कामं मुकाट्याने करायची असतात.

लॅबची रीत ठरलेली. एकाने वाचायचं, बाराव्या स्फोटानंतरचा कागद कात्रीने कापायचा, मग दुसऱ्याने पहिल्याचे आकडे न बघता पुन्हा वाचायचं. दुसरा म्हणजे नागपूरचा रवी.

पहिल्याच गुंडाळीवर बाराव्या स्फोटानंतर बारीक, सारखे उंचवटे होते. मिनिटाला एकशे चाळीस. दर नऊ उंचवट्यांनंतर एकाची जागा रिकामी.

"जनरेटरचा नॉइज आहे यार," रवी म्हणाला. "कट कर."

दिगंबरने उंचवट्यांचं थोडं शेपूट ठेवून कागद कापला. कात्रीपर्यंत दोनशे ऐंशी उंचवटे होते. मोजायची खोडच त्याला. कापलेला लांबलचक कागद टोपलीत गेला.

त्याच्या बायकोला, उत्तराला, सातवा लागला होता. आधी दोनदा गर्भपात झालेला. दुधाने पोळलेली माणसं ताकही फुंकून पितात, तशी दोघं दिवस मोजत होती. गुरुवारी सकाळी ती म्हणाली, "बाळ हलत नाहीये रे."

हॉस्पिटलमध्ये नर्सने पोटाला पट्टा बांधला. मशीनमधून ठोके ऐकू आले, तेव्हा उत्तरा रडता रडता हसली.

दिगंबर मोजू लागला. नऊ ठोके, मग एक रिकामी जागा. पुन्हा नऊ.

"डॉक्टरांना बोलवा," तो नर्सला म्हणाला. "आत्ता."

"शी इज फाइन, सर."

दोनशे ऐंशीनंतर खोलीत काहीच ऐकू आलं नाही.

मुलगी होती.

दोन दिवस तो उत्तराचं मनगट धरून बसला. तिची नाडी दर सातव्या ठोक्याला अडखळत होती. अशक्तपणा आहे, डॉक्टर म्हणाले. तिला झोप लागल्यावर तो टोपलीत टाकलेला कागद शोधायला लॅबमध्ये आला. त्या कागदावर पुढे किती ठोके होते, ते त्याला बघायचं होतं. न बघता जगणं त्याला शक्य नव्हतं.

टोपली रिकामी होती. सफाईवाले येऊन गेले होते.

रवीने खाली मान घालून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू टेन्शन घेऊ नकोस. बाकीचे अकरा रोल मीच कट करून ठेवलेत."

टेबलावर वरचीच गुंडाळी उघडी होती. बाराव्या स्फोटानंतर उंचवटे होते, पण संथ. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर.

दर सातवा अडखळत होता.

कापलेल्या कडेपर्यंत त्याने मोजले. तीनशे बारा. म्हणजे चार मिनिटं.

हॉस्पिटलला जाणारी बस वीस मिनिटांनी होती.