सवतीचा टाक

श्रीकांतने गाडी मैदानाच्या कडेला एका झाडाखाली लावली तेव्हा उजाडायला लागलं होतं. डिसेंबरातला रविवार. कोलकात्यात या दिवसांत धुकं असं पडतं, की समोरचा माणूस आधी ऐकू येतो आणि मग दिसतो. मागच्या सीटवर श्रीकांतची आई, सरलाबाई, शाल डोक्यावरून घेऊन बसल्या होत्या. पुढे श्रीकांतशेजारी त्याची बायको यामिनी बुटांच्या नाड्या आवळत होती. तिला आज एकवीस किलोमीटर धावायचं होतं. हाफ मॅरेथॉन म्हणतात त्याला. पूर्वी माणूस पळायचा तो कुत्रं मागे लागलं तर. आता पैसे भरून, छातीवर नंबर टोचून पळतात. असो.

यामिनीच्या मागे कुत्रं नव्हतं. सवत होती.

सवत म्हणजे निर्मला, श्रीकांतची पहिली बायको. तीन वर्षांपूर्वी डेंग्यूने गेली. श्रीकांतची नोकरी खिदिरपूरच्या गोदीतली, बदलीची. पण निर्मला इथे आली ती इथलीच होऊन गेली. बंगाली बायकांबरोबर पहाटे धावायला लागली, ही शर्यत दोनदा पुरी केली. तिची पदकं अजून दिवाणखान्यात टांगलेली. यामिनी साताऱ्याहून लग्न होऊन आली ती त्या पदकांखाली. घरी कोणीही आलं की आधी पदकांकडे बघणार, मग हिच्याकडे, आणि मग विचारणार, "तुम्ही नाही का धावत?" निदान भाजीवाल्याने तरी गप्प बसावं? तोही म्हणाला, "पुरानी दीदी तो रोज दौड़ती थी."

श्रीकांत असलं काही बोलायचा नाही. त्याचंच तिला जास्त लागायचं. तो निर्मलाचं नावच घ्यायचा नाही. फक्त पदकांवरची धूळ स्वतः पुसायचा. घरातली दुसरी एखादी वस्तू त्या माणसाने कधी पुसली असेल तर शपथ.

तर यामिनी धावायला लागली. हौसेने नाही, जळून. पहिल्या दिवशी गल्लीच्या टोकाला जाऊन ओकली. मग हळूहळू वाढवत नेलं. पण पंधरा किलोमीटरच्या पुढे ती कधीच गेली नाही. तिथे पोटात गोळा यायचा आणि डोक्यात तेच ते फिरायला लागायचं… आपल्याच्याने नाही व्हायचं. निर्मला वेगळ्या हाडाची होती.

नाड्या बांधून झाल्यावर तिने गळ्यातला काळा गोफ वर ओढला. त्यात टाक होता. टाक म्हणजे चांदीचा चपटा तुकडा, त्यावर बाईची मूर्त ठोकलेली. पहिली बायको मेली आणि माणसाने दुसरं लग्न केलं, की दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक घालतात. सरलाबाईंनी तो स्वतःच्या हाताने घातला होता. नवी साडी आधी टाकाला दाखवायची, मग नेसायची. गोडधोड आधी तिला, मग आपल्या तोंडात. मेलेलीला मान मिळाला की ती जिवंत बाईच्या वाटेला जात नाही, असा रिवाज. यामिनीने तो पाळला. दात-ओठ खात पाळला.

"घासतो हा घामाने," ती म्हणाली. "काढते."

"अगं, अंघोळीलासुद्धा काढायचा नसतो तो," सरलाबाई मागून म्हणाल्या.

"मग काय आई, हिला गळ्यात घेऊन धावू? पोहोचले तरी तुम्ही म्हणाल, तिनेच पोचवली."

"कोण म्हणतंय असं?" श्रीकांत म्हणाला.

"कोणी म्हणायला कशाला हवंय!" तिने त्याचा हात ओढला, टाक त्याच्या तळव्यावर ठेवला आणि त्याची बोटं मिटली. "धरा. तुमची बायको. आजच्या दिवस तुम्ही सांभाळा. पण शेवटाला माझ्यासाठी उभं राहायचं. माझ्यासाठी, कळलं? मी दिसले की हात वर करायचा."

"करतो गं बाई," श्रीकांत हसला. पण मूठ काही त्याने उघडली नाही. टाक खिशात टाकला असता तर तिला बरं वाटलं असतं.

शर्यत सुटली तेव्हा हजारो पायांचा आवाज झाला आणि बघता बघता धुक्याने तो गिळला. जोरात पळणारे पुढे गेले, रखडणारे मागे राहिले, आणि मध्ये यामिनी एकटी पडली. एका हाताला मैदान, तेही दिसत नव्हतं. नुसता ओल्या गवताचा आणि घोड्यांच्या लिदीचा वास. फोर्ट विल्यमच्या बाजूने जाताना नदीवर कुठलीतरी बोट भोंगा देत होती, वाट चुकल्यासारखी, पुन्हा पुन्हा.

भोंगा थांबला तेव्हा तिला बांगड्या ऐकू आल्या.

आधी वाटलं, असेल कोणी बाई मागून येत. पण धावायला काचेच्या बांगड्या घालून कोण येतं? आवाज तिच्या पावलाला धरून होता. पाऊल पडलं की किण्. पाऊल पडलं की किण्. ती हळू झाली, तो हळू झाला. मग वास आला. ओल्या हळदीचा.

नवऱ्याआधी गेलेल्या बाईला हिरवा चुडा भरतात, हळद माखतात. निर्मलाला कशी सजवली होती ते सरलाबाईंनी तिला दहादा सांगितलं होतं. तिने न विचारता.

तिने मान वळवायला घेतली.

"मागे बघू नकोस… पाय अडखळतो."

मराठीत. या शहरात, या धुक्यात, मराठीत.

"कोण?" यामिनीने विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं.

बांगड्या तेवढ्या वाजत राहिल्या. पुढे एक पाणीवाला पोरगा टेबलामागे उभा होता. त्याने एक पेला यामिनीला दिला. दुसरा तिच्या बाजूला धरून तो क्षणभर उभा राहिला, मग गोंधळून मागे घेतला.

पंधरा किलोमीटरची पाटी धुक्यातून वर आली आणि ठरल्यासारखा पोटात गोळा आला. यामिनी वाकली. डोळ्यांत पाणी. नाही व्हायचं. श्रीकांत तिकडे उभा राहील, वाट बघेल, मग समजून घेईल. तसा समजूतदारच आहे मेला. घरी जाऊन पदकं पुसेल.

"खांदे सोड…" आवाज आता अगदी बाजूला होता. "सोड अजून… श्वास नाकाने घे… हां. आता पाऊल छोटं टाक…"

मनाने नाही म्हणायच्या आत अंगाने ऐकलं. गोळा सुटला. पाय असे हलके झाले, की जमीन लागेना. सोळा गेला, सतरा गेला. आयुष्यात यामिनी अशी धावली नव्हती. भीती पार विसरली ती. आणि मग तिच्या लक्षात आलं, की हे धावणं आपलं नाहीच. हे तिचं आहे. नवरा तिचा, घर तिचं, भाजीवाला तिचा, आता पायही तिचे.

"तुझी मदत नकोय मला," यामिनी ओरडली.

"बरं…"

"जा तू. हो पुढे! बघू कोण आधी पोहोचतं ते!"

बांगड्या एकदम थांबल्या. मग कानाला गार हवा लागली.

"तू म्हणालीस हं… मी नाही मागितलं."

बाजूचं धुकं फाटलं आणि मिटलं. किणकिण पुढे गेली, लांब गेली, पार नाहीशी झाली. यामिनीचे पाय शिशाचे झाले. राहिलेलं अंतर ती कशी आली ते तिचं तिला माहीत. चालली, रडली, शिव्या दिल्या, पण थांबली नाही. ते मात्र तिचं स्वतःचं होतं.

शेवटची कमान दिसली. दोरीच्या पलीकडे श्रीकांत दिसला. त्याचा हात वर होता.

यामिनीला रडू फुटलं. तिने दोन्ही हात हलवले. श्रीकांतचा हात तसाच वर राहिला. तो तिच्याकडे बघतच नव्हता. त्याच्यापासून हातभर अंतरावर जिथे कोणी नव्हतं तिथे बघत होता, आणि हसत होता. लग्न झाल्यापासून तिने हा चेहरा पाहिला नव्हता. हा चेहरा त्याच्याकडे आहे हेच तिला माहीत नव्हतं.

एका मुलीने तिच्या गळ्यात पदक घातलं. "दारुण, दीदी!" दारुण म्हणजे इथे झकास.

"अहो," यामिनी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "पोहोचले मी."

"अं? हो, हो. छान." शेजारणीशी बोलावं तसं तो बोलला. "चला आता लवकर. गारठेल ती."

"कोण गारठेल?"

तो गाडीकडे निघालाही होता. दोरीपाशीच उभ्या असलेल्या सरलाबाई यामिनीच्या टाक नसलेल्या गळ्याकडे बघत होत्या. त्यांनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"मागे बस माझ्याजवळ… आणि काही बोलू नकोस."

"आई, पुढे माझी जागा आहे."

"आज नको…"

श्रीकांतने पुढचं डावं दार उघडलं, जरा थांबला, आणि पदर अडकू नये म्हणून लावतात तसं हळूच लावलं. मग वळसा घालून आपल्या जागी बसला. मागे दोघी बसल्या. यामिनीने मुठीत पदक आवळून धरलं होतं.

गाडी सुरू झाली तशी ती टुंग टुंग करायला लागली. पुढे बसलेल्याने पट्टा लावला नाही की ती ओरडते. रिकाम्या सीटसाठी ती आजवर कधी ओरडली नव्हती.

"पट्टा लाव," श्रीकांत हळूच म्हणाला.

खट् झालं. टुंगटुंग बंद पडली.

"दमलीस?"

"हो," यामिनी मागून म्हणाली. श्रीकांतने दचकून आरशात पाहिलं. मागे कोणी बसलंय हे त्याच्या ध्यानातच नसावं. मग त्याची नजर पुन्हा डावीकडे गेली, आणि तिथेच राहिली.

गाडी खिदिरपूरच्या रस्त्याला लागली. धुकं वितळत होतं. यामिनीचा श्वास एव्हाना शांत झाला होता. पुढच्या सीटवरचा पट्टा मात्र ताणलेला होता, आणि भराभर वर-खाली होत होता.