एक, तीन, चार, दोन

"अहो बाई, पुरे आता! बॅटरीचा जीव घ्याल!"

मी चावीवरचा हात काढला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. फाटकाशी एक जण सायकल थांबवून उभा होता. बाहीवर ग्रीस, बगलेत पाव, आणि चेहऱ्यावर असं हसू की आधीच आलेला राग दुप्पट व्हावा.

"गाडी आमची, बॅटरी आमची. तुम्हाला कसला त्रास?"

"कानांना. कोपऱ्यापासून ऐकत येतोय." मग जरा ओशाळून म्हणाला, "कालच लागलोय तिथल्या गॅरेजमध्ये. बघू का... एकदा?"

त्याच गॅरेजच्या मालकांनी 'हिला आता निरोप द्या' म्हणून हात झटकले होते. पण त्या दिवशी गुरुवार होता आणि शनिवारी सकाळी भंगारवाला येणार होता. अडला हरी... म्हणत मी खाली उतरले.

गाडी बाबांची, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. वर्षापूर्वी बाबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं गेलं. तेव्हापासून ते खुर्चीतून उठायचे ते एकाच कामासाठी. रोज सकाळी काठी टेकत अंगणातल्या गाडीपर्यंत जायचं, स्टिअरिंगवर हात ठेवून घटकाभर बसायचं आणि परत यायचं. 'तेवढं चालणं सुटू देऊ नका,' असं डॉक्टरांनी बजावलं होतं. महिन्यापूर्वी गाडी रुसली आणि दादानं फर्मान काढलं, "शनिवारपर्यंत सुरू झाली तर ठेवू, नाहीतर भंगारात." दादा वाईट नाही हो, त्याला घाई फार. पण गाडी गेली की बाबा खुर्चीतून उठणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं.

त्यानं बॉनेट उघडलं. "तीनच गोष्टी बघायच्या. ठिणगी पडते का, पेट्रोल येतं का, हवा मिळते का. आणि चौथी म्हणजे, मालकिणीनं चिडायचं नाही."

"चौथीची खात्री देता येत नाही."

त्यानं प्लग काढून इंजिनाला टेकवला. "मारा सेल्फ!" मी चावी फिरवली. ठिणगीचा पत्ता नाही. मग चारही प्लगना वीज वाटून देणारी काळी टोपी त्यानं उघडली आणि उजेडात धरली. तिला केसाएवढी बारीक चीर गेली होती.

"ही बघा चोरटी! सकाळचं दव आत शिरतं आणि वीज भलतीकडे पळते. उद्या संध्याकाळी नवी बसवतो."

जाताना तो व्हरांड्यात बाबांसमोर वाकला. "काका, गाडी फार जपलीय तुम्ही." बाबांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. किती तरी दिवसांनी कुणी थेट त्यांच्याशी बोललं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी तो आला. मी टॉर्च धरला. तो जुन्या टोपीच्या वायरी एकेक करून नव्या टोपीत लावू लागला.

"हात जरासुद्धा हलत नाही तुमचा," तो म्हणाला.

"दातांच्या कवळ्या बनवते मी. माझा हात हलला तर कुणाच्या तरी आजोबांचा घास हलायचा."

तो इतका मोकळा हसला की मीही हसले. मध्येच त्यानं वर पाहिलं... मी टॉर्च उगाचच नीट धरला.

"मारा सेल्फ!"

फट्! इंजिन खोकलं आणि धूर ओकून गप्प झालं. पुन्हा सेल्फ, पुन्हा फट्! ठिणगी होती, पेट्रोल होतं, हवाही होती. त्याचा चेहरा उतरला. "सकाळी लवकर येतो," एवढंच तो म्हणाला. रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

शनिवारी दहाच्या ठोक्याला भंगारवाल्याचा ट्रक फाटकाशी उभा राहिला. दादा हाताची घडी घालून बघत होता. मेकॅनिक घामाघूम झाला होता. इकडे बाबा डाव्या हाताच्या बोटानं खुर्चीचा हात ठोकत होते. थांबायचे, पुन्हा ठोकायचे.

"सकाळपासून असंच चाललंय," आई कळवळून म्हणाली. "त्यांना आत नेऊ या. त्यांच्यासमोर गाडी न्यायला नको."

"थांबा काकू!" मेकॅनिक पाना टाकून धावत आला आणि बाबांसमोर उकिडवा बसला. "काका... पुन्हा सांगता?"

टक्. जरा थांबून टक टक टक. मग चार वेळा. मग दोन वेळा.

तो लालबुंद झाला. "एक, तीन, चार, दोन! अहो, चार सिलिंडर पेटायचा क्रम सांगताहेत काका!" तो गाडीकडे पळाला, वायरींवर वाकला आणि सरळ उभा राहिला. मग दादासमोर, भंगारवाल्यासमोर, सगळ्यांसमोर म्हणाला, "दोन आणि तीनच्या वायरी मी उलट्या लावल्यात. चूक माझी. काकांनी पकडली."

वर्षभर आम्ही बाबांच्या डोक्यावरून बोलत होतो. जेवले का, झोपले का, आत न्यायचं का, सगळं एकमेकांना विचारत होतो. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. या माणसानं विचारलं.

त्यानं वायरी बदलल्या. मी चावी फिरवली आणि इंजिन असं घुमलं की आईनं तोंडाला पदर लावला. बाबा अर्ध्या चेहऱ्यानं हसत होते, पण ते हसू पुरेपूर होतं. दादानं मुकाट्यानं जाऊन ट्रक परत पाठवला.

"एवढे हुशार तुम्ही," मी हळूच विचारलं, "मग वायरी चुकल्या कशा?"

"खरं सांगू?" तो हात पुसत राहिला. "टॉर्च वायरींवर होता... माझं लक्ष नव्हतं तिथे."

"मग कुठे होतं?"

"जिनं टॉर्च धरला होता ना... तिच्याकडे."

माझे कान तापले. एरवी जिभेला हाड नसलेली मी, तेव्हा मला एकच वाक्य सुचलं. "तुमचे उपकार कसे फेडू, कळत नाही. पण उपकारांपायी म्हणत नाही हं... मलाही तुम्ही आवडलात."

तो काही बोलणार इतक्यात काठीचा आवाज आला. बाबा आपले आपण उठून गाडीपाशी आले होते. मी दार उघडायला धावले, तर ते पुढच्या दारावरून सरळ मागच्या दाराकडे गेले.

"अहो, पुढे बसा ना," आई म्हणाली. "तुमची जागा आहे ती!"

बाबांनी मान हलवली. काठी उचलून मला स्टिअरिंग दाखवलं, मग ती आधी मेकॅनिककडे रोखली आणि नंतर माझ्या शेजारच्या सीटकडे. आणि स्वतः मागे टेकून, डोळे मिटून ऐटीत बसले.