खात्रीचं वर्तुळ

पोहे गार होत चालले होते आणि टेबलाभोवती बसलेले चौघेही एकाच फोनकडे बघत होते.

साताऱ्यातल्या डॉ. कुमुदिनी सबनीस यांच्या घरी त्या सकाळी नव्या नाणेसंग्रहालयाचे दोन विश्वस्त आले होते. कुमुदिनीबाई दातांच्या डॉक्टर. दवाखाना केव्हाच बंद झाला होता, पण दात तपासायचं भिंग काही सुटलं नव्हतं. त्यातून आता त्या तांब्याच्या शिवराई नाण्यांकडे बघत. आयुष्यभर जमवलेला तो संग्रह त्या संग्रहालयाला देणार होत्या. चौथी होती त्यांची भाची ऋजुता. या कौतुकाच्या प्रसंगासाठी ती मुद्दाम पुण्याहून आली होती.

विश्वस्तांच्या फोनवरचं ‘नाणेपारख’ हे ॲप ऋजुताच्याच कंपनीचं. त्यातली बुद्धी दुसऱ्यांनी घडवलेली, पण माणसानं नाणं कसं धरावं, बोट कुठं ठेवावं, उत्तर कोणत्या रंगात आणि कोणत्या शब्दांत दिसावं, हे सगळं ऋजुतानं ठरवलेलं. तिच्या क्षेत्रात याला अनुभवरचना म्हणत. फोन नाण्यावर धरला की कॅमेरा केसाहूनही बारीक झीज, ओरखडे, ठशाच्या कडा टिपायचा, फोटो साठवून ठेवायचा आणि जगभरच्या नाण्यांशी ताडून बघायचा. हिरवं वर्तुळ म्हणजे अस्सल. लाल म्हणजे नकली. जुन्या नाण्यांच्या बाजारात आता घासाघीससुद्धा वर्तुळ उमटल्यावरच सुरू होत असे.

पहिली काही नाणी हिरवी आली. मग एक लाल आलं. मग आणखी एक. मग लालांची रांगच लागली.

इनामदार नावाच्या विश्वस्तांनी अवघडून चष्मा पुसला. “डॉक्टर, तुम्हालाही कुणीतरी फसवलेलं दिसतंय.”

“थांबा,” ऋजुता म्हणाली. “लाल आलं म्हणजे नक्की नकलीच, असं नसतं.”

“मग इथं ‘नकली’ असं का लिहिलंय?”

ऋजुताला उत्तर माहीत होतं, म्हणूनच देता येईना. यंत्र कधीच अस्सल किंवा नकली म्हणत नसे. ते फक्त खात्रीचा आकडा द्यायचं. पहिल्या आराखड्यात तिनं तो आकडा ठेवलाही होता. पण चाचणीला आलेली माणसं तो बघून गोंधळली. “साठ टक्के म्हणजे काय समजायचं?” असं म्हणत त्यांनी फोन खाली ठेवले. तिचे वरिष्ठ निखिलेश म्हणाले, “लोक आपल्याकडे शंका घेऊन येतात, ऋजुता. शंका घेऊनच परत पाठवायचं का त्यांना?” तिनं आकडा काढला, वर्तुळ आणलं. त्या वर्तुळाला पुढं बक्षीसही मिळालं.

कुमुदआत्यांनी एक लाल ठरलेलं नाणं भिंगाखाली धरलं. “हा ‘श्री’ उलटा कोरलाय बघ. मला वाटायचं, एखाद्या गावठी टांकसाळीतला, अक्षरओळख नसलेला कारागीर असेल.” त्यांनी नाणं खाली ठेवलं. “पण यंत्रानं माझ्यापेक्षा पुष्कळ नाणी पाहिली असतील.”

विश्वस्त हिरवी नाणी घेऊन, फार नम्रपणे निघून गेले.

पुण्याला परतल्यावर ऋजुता मूळ आकड्यांच्या मागं लागली. परवानग्या, बैठका, पुन्हा परवानग्या. अखेर आकडे हाती आले. लाल ठरलेलं प्रत्येक नाणं खात्रीच्या काठावरचं होतं. यंत्रानं बड्या संग्रहांतली सुबक नाणीच पाहिली होती. ओबडधोबड ठसा दिसला की ते बिचकत होतं, इतकंच. तिनं लगेच फोन लावला.

“आत्या, यंत्राला खात्री नव्हती गं. तुझी नाणी खरी असू शकतात.”

“ती मी वितळवली, ऋजू.”

“काय?”

“तांबटाकडे नेऊन दिली. समोर उभी राहिले शेवटपर्यंत. मी गेल्यावर कुणीतरी ती खरी म्हणून विकली असती. माझ्या नावावर कुणी फसायला नको.”

“मला एकदा विचारायचंस तरी!”

“तुलाच तर विचारलं होतं. तुझ्या त्या वर्तुळाला.” आत्यांचा आवाज चढला नव्हता. “खात्री नव्हती, तर तसं लिहायचं होतंस ना गं.”

ऋजुतानं ‘नकली’च्या आधी ‘बहुधा’ हा एक शब्द घातला आणि ॲप पुन्हा चाचणीला लावलं. माणसं पुन्हा गोंधळली, पुन्हा फोन खाली ठेवू लागली. निखिलेशनी समजूतदारपणे तोडगा काढला आणि ‘बहुधा’ गेला ‘अधिक माहिती’ नावाच्या पानावर. ते पान जवळजवळ कुणीच उघडत नसे. ऋजुतानं राजीनामा लिहिला, आणि घराच्या हप्त्यांची आठवण होऊन पुसूनही टाकला.

काही महिन्यांनी ॲपची नवी आवृत्ती आली. गावठी टांकसाळींची नाणी यंत्राला आता ओळखता येऊ लागली होती. जुने निकाल आपोआप बदलले आणि इनामदारांच्या फोनवर संदेश गेला: ‘अभिनंदन! ही नाणी आता अस्सल ठरली आहेत.’ इनामदारांनी आनंदानं डॉक्टरांना फोन केला. उरलेली नाणी न्यायला कधी येऊ?

ऋजुता त्याच दिवशी साताऱ्याला गेली. आत्या टेबलाशी बसल्या होत्या. इनामदारांनी पाठवलेले फोटो त्यांच्या फोनवर होते. प्रत्येक नाण्याभोवती हिरवं वर्तुळ.

“अचानक कसं काय कळलं त्याला?” त्यांनी विचारलं.

“तुझ्याच फोटोंवरून. बाकीच्यांकडे तशी नाणी सापडायला लागली, ती तुझ्या नाण्यांशी जुळली. आता तसलं नाणं कुणाकडेही निघालं, की ते या फोटोंशीच ताडून बघतात.”

“म्हणजे माझी नाणी आता इतरांचा खरेखोटेपणा ठरवणार.”

“हो.”

आत्यांनी फोन तिच्यापुढं सरकवला. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच ऋजुताला सोसवेना.

“आणि उद्या कुणी म्हणालं, की हा फोटोच खोटा आहे, तर त्याच्या हातावर काय ठेवशील?”