शिवेवरचा तुकडा

पिंपळनेरहून गुजरातकडे निघालं की शेवटी लागणारं वडपाडे बघता बघता शहर झालं. नाक्यावर ट्रकांची रांग, हायवेला रंगीत कमान, शेतांत बंगले. एवढी प्रगती झाल्यावर जुनी शीव कुठे होती, हे विचारायला सवड कुणाला?

रविवारी रोहिणी सव्वा महिन्याचं बाळ घेऊन माहेराहून आली, तेव्हा सासूबाईंनी रीत मात्र सोडली नाही. तान्हं मूल पहिल्यांदा गावात आणताना शिवेवर भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायचा. शिवेबाहेर जे असतं, त्याचा तो वाटा. आता शीव तीच, असं समजून हळद लावलेला तुकडा त्यांनी कमानीपाशीच टाकला.

बुधवारी दिवेलागणीला त्यांच्या शेतावरचा जुना सालदार, म्हातारा आमश्या, बाळासाठी मध घेऊन आला. सासूबाई देवळात गेल्या होत्या.

"आत या ना बाबा," रोहिणी म्हणाली. "बाळ मागच्या खोलीत झोपलंय."

आमश्या मधल्या दारापाशी आला आणि थबकला. तिथे उंबरठ्याच्या जागी एक काळा दगड होता. घर बांधताना तो काही केल्या हलेना, म्हणून गवंड्याने तसाच ठेवला होता.

"बाई… हाई तं शीवना दगड शे." त्याचा आवाज पार खाली गेला. "तुनी मांगली खोली… गावना बाहेर शे."

तेवढ्यात आतून खिदळणं ऐकू आलं. सव्वा महिन्याचं मूल असं हसत नाही.

रोहिणी धावली. खोलीत ओल्या राखेचा वास होता. बाळ एकटंच होतं. तिने त्याला छातीशी धरलं आणि दगड ओलांडून बाहेर आली. आमश्याच्या सांगण्यावरून भाकरी मोडली, बाळावरून ओवाळली, तुकडा आत फेकला आणि दार ओढून कडी घातली.

"आते मांगे दखू नको." रोहिणीने दाराकडे पाठ फिरवली.

घर शांत झालं. रोहिणीच्या जिवात जीव आला.

"सुटलो ना, बाबा?"

आमश्या बंद दाराकडे बघत होता.

आतून बाळ रडायला लागलं. भुकेलं, दर तिसऱ्या हुंदक्याला श्वास अडकणारं… तिचं बाळ असंच रडायचं. तिला पान्हा फुटला, पदर ओला झाला.

छातीशी धरलेलं मात्र गप्प होतं. तिने खाली पाहिलं. त्याने इवलीशी मूठ हळूच उघडली. मुठीत भाकरीचा तुकडा होता, तीन दिवसांचा वाळलेला, हळद लावलेला.