शिडीवाला आणि कडीकुलूप

खांद्यावर शिडी, हातात पेटी, अंगात निळा गणवेश... अशा थाटात तो सकाळी साडेदहाला काचेचं दार ढकलून आत आला आणि वर न बघताच म्हणाला, "एसी."

औषध कंपनीच्या त्या प्रयोगशाळेत रिसेप्शनवर बसणारी ती, तीन वर्षांत असे पुष्कळ एसीवाले पाहून चुकली होती. तिने आधी त्याची नखं पाहिली. अगदी स्वच्छ. मग गणवेश पाहिला. दुकानातल्या पाकिटाच्या घड्या त्यावर अजून तशाच होत्या. तिने त्याला गोड हसून बाकावर बसवलं, वर फोन लावला, आणि एसी कुणाचाच बिघडला नाही हे कळताच शिडीसकट बाहेरचा रस्ता दाखवला. जाताना त्याने एकदा वळून पाहिलं... एकदाच. पण त्या दिवशी तिने दोन फोन भलत्याच माणसांना जोडून दिले.

आठवड्याने स्वारी पार्सलवाला होऊन हजर. हनुवटीपर्यंत चार खोकी आणि वर काकुळतीला आलेला चेहरा, कुणीतरी दार धरावं म्हणून. बाहेर पडणाऱ्या एका भल्या माणसाने धरलंही. ती खुर्चीतून उठली आणि मधे जाऊन उभी राहिली.

"ठेवा खाली. रिकामीच आहेत, हात काही दुखायचे नाहीत."

तो हसला. मग खिशातून मोठ्या साहेबांच्या सहीचं पत्र काढून त्याने सगळं कबूल केलं. वेश बदलून इमारतींत शिरायचं, कुठे फट आहे ते शोधायचं आणि कंपनीला अहवाल द्यायचा, हा त्याचा धंदा होता.

"सहा वर्षांत कुणी मला दोनदा परत पाठवलं नव्हतं," तो म्हणाला. "तुमचं नाव कडीकुलूप ठेवायला हवं."

"आणि तुमचं शिडीवाला. झाली ना परीक्षा?"

"झाली—" तो किंचित अडखळला. "चहा घ्याल?"

तिसऱ्या चहाला 'तुम्ही' गळून पडलं. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या खिडकीजवळच्या टेबलाशी बसून तो तिला आपल्या खुब्या सांगायचा. लोक कपडे बघतात, चेहरा बघतच नाहीत, म्हणायचा. ती म्हणायची, मी तर चेहराच बघते, आणि मग दोघांनाही काही सुचायचं नाही. तिनेही त्याच्यापासून काही लपवलं नाही. अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर तिची तीन वर्षं गेली होती. या महिनाअखेरीला कायम करतो, असा शब्द साहेबांनी दिला होता, आणि आईने तर शेजारीपाजारी सांगूनही टाकलं होतं. हे सगळं ऐकताना तो टेबलावरच्या तिच्या बोटांशी खेळत असे. ती पुरती प्रेमात पडली होती, आणि ते तिला फार आवडत होतं.

मग एका दुपारी, बाहेर पावसाची सर कोसळत असताना, तो दारात उभा राहिला. नखशिखांत भिजलेला, उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. गाडी घसरली, एवढंच कसंबसं म्हणाला आणि त्याने भिंतीला टेकून डोळे मिटले.

तिच्या काळजाचं पाणी झालं. नोंदवही, ओळखपत्र, वरचा फोन... तिला काही म्हणजे काही आठवलं नाही. तिने स्वतःच्या कार्डाने आतलं दार उघडलं, त्याला धरून पँट्रीत नेऊन बसवलं, आपल्या ओढणीने त्याचे केस पुसले आणि दुखण्यावरची गोळी आणायला ती धावतच वर गेली. पाचच मिनिटं. परत आली तेव्हा तो तसाच बसला होता. गोळी त्याने निमूटपणे घेतली. त्या रात्री ती त्या हातासाठी रडली.

पंधरा दिवसांनी साहेबांनी बोलावून एक कागद तिच्यापुढे सरकवला. तिसरा प्रयत्न, यशस्वी. साधन, खोटं प्लास्टर. नमुन्यांच्या खोलीचे सहा फोटो. खाली कारणाचा रकाना होता आणि त्यात एकच शब्द होता. निष्काळजीपणा.

"कायम करण्याचं सोडाच," साहेब खाली बघत म्हणाले, "करारही पुढे चालवता येणार नाही."

संध्याकाळी त्याच टेबलाशी तिने त्याला गाठलं. तीन प्रयत्न आधीपासून ठरलेले असतात, तो सांगत होता. तिसराही फसला असता तर पुढची कामं हातची गेली असती. तिच्यावर त्याचं प्रेम होतंच, आजही आहे...

"कारण चुकीचं लिहिलंस," ती म्हणाली. "मी दार उघडलं ते माझं तुझ्यावर प्रेम होतं म्हणून. तेवढं दुरुस्त कर."

तो हलक्या आवाजात म्हणाला, की ओळखीच्या माणसावर चाचणी घ्यायची नाही असा नियम आहे. तसं लिहिलं तर चाचणीच बाद.

"म्हणजे माझी नोकरी राहील."

"आणि मी या धंद्यातून उठेन." त्याने तिचा हात धरला. "आपण लग्न करू ना. नोकरी गेली तर गेली, मी आहे की."

दोन महिने ती याच बोलण्याची वाट पाहत होती. आता ते आलं होतं, आणि तिला फक्त हात सोडवून घ्यावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी लाजलज्जा गुंडाळून ठेवून तिने साहेबांना सगळं सांगितलं. साहेब माणूस चांगला होता. त्यांनी तिच्यासमोरच त्याला फोन लावला, तिलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला आणि सरळ विचारलं.

पलीकडे कुणीच बोलेना. जितका वेळ तो गप्प होता तितका वेळ तिला खरंच वाटत होतं, की हा आता बोलेल. टेबलाची कड तिने घट्ट धरली होती.

"त्या मॅडम ना?" तो म्हणाला. "चांगल्या आहेत स्वभावाने. पण ओळख म्हणाल तर... कामापुरतीच."

साहेबांनी फोन ठेवला. कागद अजून त्यांच्या पुढ्यात होता. काय करू, असं त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं.

"राहू द्या साहेब," ती म्हणाली. "त्यांनी बरोबरच लिहिलंय. निष्काळजीपणाच झाला माझ्याकडून."